मैदानात राजकारण आधी कोणी आणलं?

2020 च्या जूनमध्ये ‘रेज अगेन्स्ट द मशीन’ या अमेरिकी रॉक बँडचा गिटारवादक टॉम मोरेलो याला एका चाहत्याने सुनावलं, की तुझी राजकीय मतं कळेपर्यंत मी तुझा चाहता होतो. मोरेलोने उलट विचारलं, माझं असं कुठलं गाणं तू ऐकलंस ज्यात राजकारण नव्हतं? रॉकवाल्यांत हसून हसून पुरेवाट झाली. नावातच यंत्रणेविरुद्धचा संताप घेऊन फिरणाऱ्या बँडला कुणी ‘राजकारण नको’ म्हणावं, यापुढे विनोद करायला काही उरतच नाही.

पण हसून झाल्यावर लक्षात येतं, की तो चाहता एकटा नाही. ‘गायकाने गावं, खेळाडूने खेळावं, परराष्ट्र धोरण जाणकारांवर सोडावं’ हे मत मी मुंबईच्या रंगभवनात मैफली व्हायच्या त्या काळापासून ऐकतोय. क्रिकेटच्या व्हॉट्सअॅप गटात ऐकतो, न्यू जर्सीला स्थायिक झालेल्या मित्रांकडून अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, म्हणजे सुपर बोलच्या, दिवसांत ऐकतो. बोलणारा बहुतेक वेळा सज्जन असतो. आठवडाभर बातम्यांनी डोकं उठलेलं असतं, शनिवारी-रविवारी दोन घटका करमणूक हवी असते, तिथेही कुणी इराक-अफगाणिस्तान काढलं की तो वैतागतो. वैताग समजू शकतो. पण त्या वाक्यात एक गृहीतक दडलेलं आहे, आणि ते साफ चुकीचं आहे: मैदान आणि रंगमंच मुळात कोरे होते, कुणा आगाऊ गायकाने किंवा खेळाडूने येऊन तिथे राजकारण सांडलं.

अमेरिकेचंच बघा. 5 सप्टेंबर 1918, शिकागो. बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना, बोस्टनकडून चेंडू फेकायला बेब रूथ. पहिलं महायुद्ध चालू होतं. ‘काम करा नाहीतर लढा’ असा सरकारी हुकूम निघाला होता, बेसबॉल हा काही अत्यावश्यक उद्योग नव्हे असं ठरलं होतं आणि मोसम मुदतीआधी गुंडाळावा लागला होता. धडधाकट तरुण चेंडूफळी खेळतायत आणि बाकीचे फ्रान्समध्ये मरतायत, ही टीका क्लबमालकांना झोंबत होती. त्या सामन्यात सातव्या डावाच्या विश्रांतीला लष्करी बँडने ‘स्टार स्पँगल्ड बॅनर’ वाजवलं. नौदलातून रजेवर येऊन खेळणाऱ्या बोस्टनच्या एका खेळाडूने सलाम ठोकला, प्रेक्षक गाऊ लागले, शेवटी टाळ्यांचा कडकडाट झाला. मालकांनी त्या टाळ्या नीट ऐकल्या. पुढचे सामने बोस्टनला झाले तेव्हा ते गाणं थेट सामन्याच्या सुरुवातीलाच आणून ठेवलं. गंमत म्हणजे ते तेव्हा अमेरिकेचं राष्ट्रगीत नव्हतंच. तो दर्जा त्याला 1931 मध्ये मिळाला. म्हणजे देशाने राष्ट्रगीत ठरवण्याच्या तेरा वर्षं आधी, युद्ध आणि धंदा दोन्हींची गरज म्हणून, ते खेळाच्या मैदानावर हजर होतं.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ. नोव्हेंबर 2015 ची सोडता येणार नाही. जॉन मॅकेन आणि जेफ फ्लेक या अॅरिझोनाच्या दोन सिनेटरांनी एक अहवाल काढला. दोघेही रिपब्लिकन, आणि मॅकेन तर पाच वर्षांहून जास्त काळ उत्तर व्हिएतनामच्या कैदेत राहिलेला माणूस. त्यांना कुणी लष्करद्वेष्टे म्हणेल अशी सोय नव्हती. अहवालाने दाखवलं ते असं: संरक्षण खात्याने क्रीडासंघांशी जाहिरातीचे करार केले होते, आणि त्यांपैकी तपासलेल्या 122 करारांतल्या 72 मध्ये देशभक्तीचे सोहळे चक्क विकत घेतलेले होते. मैदानभर पसरलेला झेंडा, सामन्याआधी गणवेशातल्या तुकडीचं संचलन, सैनिकाच्या हस्ते पहिला चेंडू, मैदानातच नव्या भरतीची शपथ. संघाला वाटतंय म्हणून सैनिकाचा सत्कार होतोय असं समजून लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि त्याचं बिल करदात्याकडे जात होतं. 2012 पासूनची अशी रक्कम सुमारे 68 लाख डॉलर निघाली. पुढच्या वर्षी एनएफएलने, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या व्यावसायिक लीगने, स्वतःच हिशेब तपासून 7,23,734 डॉलर सरकारला परत केले.

लष्कराने भरतीची जाहिरात करू नये असं माझं म्हणणं नाही. फलक लावा, दूरचित्रवाणीवर वेळ विकत घ्या, लोकांना कळतं ही जाहिरात आहे. इथे चोरी झाली ती भावनेची. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाच्या डोळ्यांत खरोखर पाणी येतं आणि ते कुठल्यातरी विपणन करारातलं कलम असतं. अशा मैदानावर ऑगस्ट 2016 मध्ये कॉलिन कॅपर्निक हा अमेरिकी फुटबॉलपटू राष्ट्रगीताला बसून राहिला आणि पुढे गुडघा टेकू लागला, तेव्हा देशभर ओरड झाली की याने खेळात राजकारण आणलं. त्याचा विषय परराष्ट्र धोरण नव्हता, कृष्णवर्णीयांवरचे पोलिसी अत्याचार होता, आणि बसण्याऐवजी गुडघा टेकण्याची कल्पना तर त्याला नेट बॉयर या विशेष दलातल्या माजी सैनिकाशी बोलून सुचली होती. तो मोसम संपल्यावर त्याला कुठल्याही संघाने घेतलं नाही. त्याने राजकारण ‘आणलं’ नव्हतं. तिथे चालू असलेल्या राजकारणात पैसे न घेता भाग घेणारा तो पहिल्या काही जणांपैकी होता, एवढंच.

रॉकची कथा आणखी मजेशीर. रॉकवाले सरकारच्या विरोधात गातात हे जगाला माहीत आहे. सरकारनेही रॉक वापरलाय हे कमी लोकांना माहीत असतं. डिसेंबर 1989 मध्ये अमेरिकी सैन्य पनामात घुसलं. हुकूमशहा मॅन्युएल नोरिएगा, जो आधी अनेक वर्षं अमेरिकी गुप्तहेरांच्याच पगारपत्रकावर होता, पळून व्हॅटिकनच्या वकिलातीत शिरला. सैन्याने वकिलातीला वेढा घालून ध्वनिवर्धक लावले आणि दिवसरात्र ठणाणा रॉक सुरू केला. सैनिकांच्या रेडिओ केंद्रावर फर्माइशी घेतल्या जात होत्या. व्हॅन हेलनचं ‘पनामा’ वाजलं, गन्स अँड रोझेसही वाजले. वाटाघाटी पत्रकारांच्या कानावर जाऊ नयेत म्हणून आवाज केला, अशी लष्कराची सारवासारव होती. व्हॅटिकनने तक्रार केल्यावर काही दिवसांत ध्वनिवर्धक बंद झाले आणि 3 जानेवारी 1990 ला नोरिएगा बाहेर आला. ज्या गाण्यांवर आम्ही घरच्यांच्या शिव्या खाल्ल्या ती परराष्ट्र धोरणाची हत्यारं म्हणून वापरली गेली होती, हे कळल्यावर हसावं की काय करावं कळत नाही.

पुढे मात्र हसण्याजोगं काही राहिलं नाही. इराकमध्ये आणि ग्वांतानामोच्या अमेरिकी लष्करी तुरुंगात कैद्यांना झोपू न देण्यासाठी, मोडण्यासाठी तासन् तास मोठ्याने गाणी लावली गेली. त्यात मेटालिका हा बँड होता आणि खुद्द मोरेलोचा ‘रेज’ही. मेटालिकाच्या जेम्स हेटफिल्डला सुरुवातीला त्यात वावगं काही दिसलं नाही, उलट थोडा अभिमानच वाटला, मोरेलो संतापला. 2009 मध्ये पर्ल जॅम, आरईएम, नाइन इंच नेल्स यांच्यासारख्या बँडांनी कुणाची गाणी कशी वापरली याची कागदपत्रं खुली करा या मागणीला पाठिंबा दिला. ‘स्किनी पपी’ या कॅनडाच्या बँडने 2014 मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याला 6,66,000 डॉलरचं बिल पाठवल्याचं सांगितलं. आता मला सांगा, ज्याचं गाणं माणूस छळायला वापरलं जातंय त्याने ‘मी फक्त गातो’ म्हणून गप्प बसायचं?

आता जाणकारांचा मुद्दा. गायकाला काय कळतं, हा प्रश्न फार ठामपणे विचारला जातो. ठीक आहे, कळणाऱ्यांचं काय झालं ते पाहू. 1971 चा मार्च. पूर्व पाकिस्तानात सैन्याने कत्तल सुरू केली. ढाक्यातला अमेरिकी महावाणिज्यदूत आर्चर ब्लड रोज वॉशिंग्टनला कळवत होता, की इथे निवडून निवडून माणसं मारली जातायत आणि मारणाऱ्यांच्या हातात आपलीच शस्त्रं आहेत. 6 एप्रिलला त्याच्या कचेरीतून 20 अमेरिकी अधिकाऱ्यांच्या सहीने आपल्याच सरकारच्या धोरणाचा निषेध करणारी तार गेली. याहून मोठा जाणकार कुठून आणायचा? माणूस जागेवर हजर, राजनैतिक सेवेतला मुरलेला, भाषा आणि भूगोल माहीत असलेला. राष्ट्राध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सल्लागार किसिंजर यांना तेव्हा पाकिस्तानचा लष्करशहा याह्या खान याच्यामार्फत चीनचं दार उघडायचं होतं. ब्लडला ढाक्यातून हलवलं, त्याच्या नोकरीची गाडी पुढे रखडली, आणि पाकिस्तानकडे शस्त्रं जातच राहिली.

त्याच सुमारास पं. रविशंकर यांनी ‘बीटल्स’वाल्या जॉर्ज हॅरिसनला सांगितलं, की माझ्या लोकांवर असं असं संकट आलंय, काहीतरी करायला हवं. हॅरिसनला तिथलं राजकारण कितपत माहीत होतं? फारसं नाही, असंच मानायला हवं. मित्र व्याकूळ आहे हे त्याला कळलं, आणि काही आठवड्यांत त्याने क्लॅप्टन, रिंगो, डिलन यांना गोळा केलं. 1 ऑगस्टला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दुपारी आणि रात्री असे दोन कार्यक्रम झाले, सुमारे 40,000 लोक आले. रविशंकर, अली अकबर खाँ, अल्लारखा आणि कमला चक्रवर्ती यांनी वाद्यं लावून घेतली, त्यालाच न्यूयॉर्ककरांनी टाळ्या दिल्या. सूर जुळवणं एवढं आवडलं तर वादन त्याहून आवडेल, असं पंडितजी हसून म्हणाले. या प्रसंगाची आपल्याकडे फार टिंगल होते, की बघा गोऱ्यांना काय कळतं संगीतातलं. मला त्या टाळ्या प्रिय आहेत. कळत नसताना आदराने ऐकायला बसलेली माणसं होती ती, आणि त्या वर्षी त्यांच्या राष्ट्राध्यक्षापेक्षा बांगलादेशाबद्दल त्यांचं मत जास्त बरोबर होतं.

दारावर जमलेले 2,43,418 डॉलर 50 सेंट युनिसेफला गेले. ध्वनिमुद्रिका आणि चित्रपटाचे पैसे मात्र कार्यक्रमाआधी कागदपत्रं नीट न केल्यामुळे अमेरिकी करखात्यात वर्षानुवर्षं अडकले. रॉकवाल्यांचा कारभार शेवटी रॉकवाल्यांसारखाच. धोरणही बदललं नाही. डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या सातव्या आरमारातली एंटरप्राइज ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे निघालीच. ‘सातवं आरमार’ हे शब्द मराठी घरांत ज्यांनी वर्तमानपत्रातून मोठ्याने वाचलेले ऐकले, त्यांना परराष्ट्र धोरण म्हणजे काही परग्रहावरची भानगड नव्हे हे वेगळं सांगावं लागत नाही.

म्हणजे कार्यक्रमाने युद्ध थांबलं नाही, हे खरं. पण ‘जाणकारांवर सोडा’ म्हणणाऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे ज्याने बोलायचं त्या जाणकारालाही गप्पच बसवलं होतं. तेव्हा अडचण ज्ञानाची नसते. नको ते बोललं जातंय ही असते.

पॅट टिलमनने तर जाणकार व्हायला जीव दिला. अमेरिकी फुटबॉलच्या अॅरिझोना कार्डिनल्स संघाचा हा खेळाडू 2002 मध्ये 36 लाख डॉलरचा करार नाकारून भावासोबत सैन्यात गेला. सरकारला याहून देखणा जाहिरातीचा चेहरा मिळणार नव्हता. 22 एप्रिल 2004 ला अफगाणिस्तानात तो आपल्याच सैनिकांच्या गोळ्यांनी मेला. लष्कराने सांगितलं, शत्रूशी लढताना वीरमरण आलं; मरणोत्तर सिल्व्हर स्टार हे शौर्यपदक दिलं, आणि दूरचित्रवाणीवर दाखवलेल्या शोकसभेतही तीच कथा सांगितली गेली. घरच्यांना खरं कळायला महिन्याहून जास्त लागलं. इराकच्या युद्धाबद्दल त्याचं स्वतःचं मत चांगलं नव्हतं हे त्याच्या सोबत्यांनी पुढे सांगितलं. तरी 2017 मध्ये गुडघा टेकणाऱ्या खेळाडूंना लाजवण्यासाठी त्याचा फोटो राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या खात्यावरून फिरला, आणि त्याच्या नावाचा वापर लोकांत फूट पाडायला करू नका असं त्याच्या पत्नीला सांगावं लागलं. मेलेल्या खेळाडूचं राजकारण चालतं, फक्त ते आपण ठरवलेलं हवं.

आता दुसरी बाजू, कारण ती आहे. रॉकवाले आणि खेळाडू अनेकदा मूर्खासारखे बोलतात. बांगलादेशासाठी वाजवणाऱ्या क्लॅप्टननेच 1976 मध्ये बर्मिंगहॅमच्या मंचावरून परदेशी लोकांविरुद्ध ओकारी यावी असं भाषण ठोकलं, आणि तेही काळ्या लोकांच्या ब्लूजवर नाव कमावून. बास्केटबॉलवाला डेनिस रॉडमन उत्तर कोरियात जाऊन किम जोंग उनच्या वाढदिवसाचं गाणं म्हणून आला. तिथे तुरुंगात पडलेल्या एका अमेरिकी माणसाबद्दल वाट्टेल ते बरळला आणि मग प्यायलो होतो म्हणून माफी मागितली. अशांची तासायची तेवढी तासावी. क्लॅप्टनच्या त्या भाषणाला इंग्लंडमध्ये उत्तर मिळालं ते ‘गिटार वाजव आणि गप्प बस’ असं नव्हे. चिडलेल्या रॉकप्रेमींनी ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ नावाची चळवळच उभी केली. याला म्हणतात उत्तर. एप्रिल 2003 मध्ये, इराकवर हल्ला होऊन दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, डेन्व्हरला पर्ल जॅमचा गायक एडी वेडर याने राष्ट्राध्यक्ष बुशचा मुखवटा माईकच्या दांडीवर खोचला. काही लोक उठून निघून गेले, महिनाअखेर न्यूयॉर्कजवळच्या कार्यक्रमात प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. मला यातही काही गैर दिसत नाही. उठून जाणाऱ्याने गायकाचं मत निदान ऐकलं आणि आपलं मत पायांनी दिलं. (ज्या बँडने आपलं पहिलं नाव एका बास्केटबॉलपटूवरून घेतलं आणि पहिल्या अल्बमला त्याच्या जर्सीचा आकडा दिला, त्यांना खेळ आणि राजकारण वेगळं ठेवा कुणी शिकवायचं?)

पण उठून जाणं वेगळं आणि तोंड दाबणं वेगळं. 2003 च्या मार्चमध्ये डिक्सी चिक्स या अमेरिकी बँडच्या गायिकेने लंडनमध्ये म्हटलं, की राष्ट्राध्यक्ष आमच्या टेक्सासचा आहे याची लाज वाटते. क्युम्युलस या रेडिओ कंपनीने आपल्या केंद्रांवरून त्यांची गाणी महिनाभर उतरवली. तो निर्णय श्रोत्यांचा नव्हता. इराकमध्ये अण्वस्त्रं, जैविक अस्त्रं यांचे साठे निघाले नाहीत, हे पुढे सगळ्यांनीच पाहिलं.

या सगळ्यात मला सर्वांत बोलकी वाटते ती मुहम्मद अलीची 1980 ची सफर, आणि तिची सुरुवात आपल्याकडे झाली. 1967 मध्ये अलीने व्हिएतनामला जायला नकार दिला तेव्हा त्याचं जगज्जेतेपद काढून घेतलं, परवाने रद्द केले, पाच वर्षांची शिक्षा ठोठावली. ती 1971 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, पण ऐन उमेदीची तीनेक वर्षं गेलीच. मुष्टियोद्ध्याने मुष्टियुद्ध करावं, परराष्ट्र धोरणात नाक खुपसू नये, हाच तेव्हाचा सूर. मग रशिया अफगाणिस्तानात घुसला, राष्ट्राध्यक्ष कार्टर यांना मॉस्को ऑलिम्पिकवर बहिष्कार हवा होता, आणि आफ्रिकेला पटवायला दूत कोण? अली. तो तेव्हा एका मदतकार्यासाठी भारतात आला होता, तिथूनच त्याला पाठवलं. टांझानियात तिथले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांनी त्याला भेटही दिली नाही. तिथल्या पत्रकारांनी विचारलं, 1976 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषासाठी आम्ही माँट्रियल ऑलिम्पिकवर बहिष्कार टाकला तेव्हा तुमचा देश कुठे होता? अली चक्रावला. हे मला अमेरिकेत कुणी सांगितलंच नव्हतं, कदाचित माझा वापर होतोय, असं त्याने तिथल्या तिथे बोलून टाकलं. परराष्ट्र खात्यातला कुठलाही मुरब्बी असं जाहीर कबूल करणार नाही. आणि भारत मॉस्कोला गेला, हॉकीचं सुवर्ण घेऊन आला. आपल्याकडे आजही त्या पदकाचं कौतुक होतं आणि बहुतेक मातब्बर संघ का आले नव्हते हे कुणी फार आठवत नाही.

आपलं क्रिकेट याच वाटेने चाललंय. मार्च 2019 मध्ये पुलवामानंतर भारतीय संघ रांचीला लष्करी छापाच्या टोप्या घालून उतरला. मदतनिधीसाठी आहे म्हणून आयसीसीने परवानगी दिली होती. डिसेंबर 2023 मध्ये, गाझात युद्ध चालू असताना, ऑस्ट्रेलियाच्या उस्मान ख्वाजाला ‘सर्व जीव समान आहेत’ असं लिहिलेले बूट घालून खेळू दिलं नाही, काळी फीत बांधली म्हणून ताकीद दिली, बॅटवर कबुतर चिकटवायची परवानगीही नाकारली. नियम दाखवून दोन्ही निर्णयांचं समर्थन करता येईल, मला माहीत आहे. पण टोपी राजकीय नाही आणि कबुतर राजकीय आहे, हे शाळेतल्या पोराला समजावून दाखवा.

फुटबॉलने तर लाजच सोडली. 5 डिसेंबर 2025 ला वॉशिंग्टनमध्ये विश्वचषकाच्या सोडतीच्या मंचावर ‘फिफा’ने ट्रम्प यांना नव्याकोऱ्या शांतता पुरस्काराने गौरवलं. ही तीच संघटना, जी खेळाडूच्या सदऱ्यावर राजकीय घोषणा दिसली की कारवाईचे कागद काढते.

म्हणून माझा प्रस्ताव साधा आहे. करमणूक निर्मळ हवी ना? मग यादी करू आणि पहिली सही मी करतो. सामन्याआधी संचलन नको, सरकारी पैशाचा झेंडा नको, मंत्र्यांच्या हस्ते पारितोषिक नको, सोडतीत पुरस्कार नको, कैद्याच्या कोठडीत गिटार नको. हे सगळं बंद झालं की यादीत शेवटी गायकाचं भाषणही घालू. ‘राजकारण नको’ म्हणणाऱ्या मित्रांपुढे मी ही यादी ठेवली आहे. पहिल्याच ओळीवर वाद चालू आहे.